दोन्ही टोकांची माणसं

खांडबारा, ता. नवापूर
२४ नोव्हेंबर २०२४

रिना,

पत्र बघून दचकू नको, कुणी मेलेलं नाही. दुकानातून फोन लावला की बाकावर बसलेले चौघं कान टवकारतात, घरून लावला की माझा नवरोबा नवनीत विचारतो काय झालं. आणि तुझा फोन नेहमीचाच, ‘मीटिंगमध्ये आहे.’ मग म्हटलं, शाळेच्या सुट्टीत लिहायचो तसं लिहावं. माझं अक्षर अजून तसंच आहे, हसू नको.

परवाच्या बाजारात दुकानातल्या माझ्या बँक मित्र केंद्रावर नको ते झालं. इथली रीत तुला काय सांगू, तू इथलीच. दिवाळी झाली की अर्धी गावं ऊसतोडीला गुजरातेत. पोरगा तिकडे ऊसतोड्यांच्या पडावाजवळच्या केंद्रावर पैसे टाकतो, फोन लावतो. आई इकडे माझ्यासमोर बसलेली असते. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवते. ‘टाकनात का?’ ‘टाकनात, काढ.’ की लगेच अंगठा, लगेच रोकड हातात. दोन्ही टोकांची माणसं फोनवर बोलत असल्याशिवाय इथे कुणाचा पैशावर भरवसा नाही.

त्या दिवशी भिकुबाई आली. तिचा उदेसिंग बारडोलीकडे आहे. त्याची पोर सीमा आजीकडे असते, ती झाडावरून पडली, हात मोडला. तिला घेऊन नंदुरबारला डॉक्टरकडे जायचं म्हणून उदेसिंगने मुकादमाकडून उचल घेऊन पैसे टाकले. फोन चालू. तो म्हणतो टाकले, पावती हातात आहे. माझ्या यंत्रावर मात्र तिचे आधीचे दोनशे रुपये तेवढे दिसतात. मी अंगठा घेतला, नाही. पुन्हा घेतला, नाही. किती वेळा घेतला देव जाणे. शेवटी तेच दोनशे काढून दिले. भिकुबाईसारखेच आणखी दहा-बारा जण खात्यात होतं तेवढंच घेऊन परत गेले.

आणि ते पैसे आलेच नाहीत गं, आजपर्यंत! तिकडे पावती आहे, इकडे पैसा नाही. मग मध्ये कोण बसलंय? मीच. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण पाटलाच्या सुनेने आदिवासीचा पैसा खाल्ला, हे बोलायला इथे वेळ लागत नाही. आजवर ज्यांनी खाल्ला त्यांच्या नावाने मी कशाला रडू, पण मी नाही खाल्ला.

माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असं वाटतं. बँकेच्या शिकवणीत सांगितलं होतं, घाईने परत परत अंगठा घेऊ नका. तू बँकेच्या कॉम्प्युटरचंच काम करतेस ना? मी काय चुकीचं दाबलं ते सांग. आणि तुझ्या बाला, दोधूकाकांना, बोलू नको, मला लाज वाटते.

तुझी
काजल


पुणे
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय काजल,

तुझं पत्र मिळालं. काळजी करू नकोस. असे प्रकार अधूनमधून होतात आणि बहुतेक वेळा रक्कम काही दिवसांत जमा होते. तू बँकेच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदव आणि तक्रार क्रमांक जपून ठेव. उदेसिंगला त्याची पावती सांभाळायला सांग.

परत परत अंगठा घेणं टाळायला हवं होतं, हे खरं. यंत्रणेच्या दृष्टीने ते योग्य नसतं. यापुढे एकदा व्यवहार झाला नाही तर थोडं थांबत जा.

इथे सध्या कामाचा फार ताण आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. बाला काही सांगणार नाही. नवनीतभाऊंना नमस्कार.

तुझी
रिना


खांडबारा
७ डिसेंबर २०२४

रिना,

तुझं पत्र म्हणजे सरकारी परिपत्रकच गं! पण चूक तरी कळली, त्याबद्दल तुझे उपकार. निदान आता मला मी काय केलं ते ठाऊक आहे.

बँकेचा माणूस येऊन यंत्र घेऊन गेला. वरून आलेला कागद त्याने वाचून दाखवला, ‘केंद्रचालकाने वारंवार प्रयत्न केल्याचे दिसते.’ बाकावरच्या चौघांनी तो ऐकला. संध्याकाळपर्यंत खांडबाऱ्यापासून विसरवाडीपर्यंत कळलं की काजलबाईची चोरी बँकेनेच पकडली. फोन तर मी बंदच करून ठेवलाय. उचलला की शिव्या.

भिकुबाई शिव्या देत नाही, तेच जड जातं. रोज सकाळी येते, सीमाला मांडीवर घेऊन माझ्या ओट्यावर बसते, दुपारी उठून जाते. मी परवा घरातले पैसे आणून तिच्यापुढे धरले. म्हटलं, घे माय, पोरीला डॉक्टरकडे ने. तिने हात मागे घेतला. म्हणाली, ‘माले तुन्हा पैसा नको. मन्हा आंडोरना पैसा दे.’ मला वाटलं, धरणी दुभंगावी. तिच्या पोराने उन्हातान्हात ऊस तोडायचा कबूल करून घेतलेला पैसा आणि माझ्या कपाटातला पैसा, तिच्या लेखी एक नाही. बरोबरच आहे तिचं.

१३ तारखेच्या बाजारात लोकांनी बसायचं ठरवलंय. ज्यांचे पैसे अडकले ते सगळे येतील. मी ठरवलंय, उभी राहीन, हात जोडीन आणि म्हणेन की माझ्या हातून चूक झाली, मला माफ करा. नवनीत चिडलाय. म्हणतो, हात दाखवून अवलक्षण कशाला? एकदा चूक म्हणालीस की लोक चोरीच समजतील. पण चूक झालीच आहे तर लपवू कशी? तूच लिहिलंयस तसं. तुझ्यासारखं शिकलेलं माणूस सांगतं म्हणजे त्यात खोट नाही.

जमलं तर १३ च्या आत दोन ओळी लिही. हात जोडताना मला धीर येईल.

काजल


पुणे
१० डिसेंबर २०२४

काजल,

उभी राहू नकोस. हात जोडू नकोस. तू काहीही चुकीचं दाबलं नाहीस.

ती यंत्रणा मी बांधली आहे. तुझ्याच बँकेची. तुझं पहिलं पत्र उघडलं तेव्हा दुसऱ्याच परिच्छेदात मला कळलं होतं काय झालं असणार, आणि तरी मी तुला ते परिपत्रक लिहिलं.

तुला साध्या शब्दांत सांगते. बँकेचा सगळा डेटाबेस आम्ही एकाच कंपनीच्या क्लाउडवर ठेवत नाही, दोन वेगळ्या कंपन्यांच्या ठेवतो. एक बंद पडला तरी दुसरा चालावा म्हणून. महाराष्ट्रातली केंद्रं एकाशी जोडलेली, गुजरातेतली दुसऱ्याशी, आणि दोघे क्षणोक्षणी एकमेकांना आपल्या नोंदी कळवत असतात. त्या दिवशी त्यांच्यामधला दुवा तासभर तुटला. दोघेही आपापल्या जागी चालू राहिले. उदेसिंगचे पैसे तिकडे पोचले, इकडे त्याची खबरच नाही. दुवा जुळल्यावर ज्या खात्यांत दोन्हीकडे व्यवहार झाले होते, तिथे कुणाची नोंद खरी धरायची याचा नियम लागतो. तो नियम मी लिहिला. खातं जिथलं, तिथली नोंद ठेवायची. दुसरीकडची बाजूला काढायची, नंतर कुणीतरी तपासेल. भिकुबाईचं खातं खांडबाऱ्याचं. तू दिलेले दोनशे खरे ठरले आणि तिच्या पोराचे पैसे बाजूला पडले. ते अजून तिथेच पडलेत. तपासायचं काम कुणाला दिलंच नव्हतं, कारण मी त्या आराखड्यात लिहिलं होतं की अशी खाती दुर्मीळ असतील.

दुर्मीळ! मी लिहिलं, काजल. जिच्या घरात वर्षातले सहा महिने बाप गुजरातेत आणि आई इथे, तिने.

हे चुकून झालं असतं तर मी तुला केव्हाच लिहिलं असतं. आराखड्याच्या बैठकीत एकाने विचारलंही होतं, एकाच खात्यात एका राज्यातून पैसे टाकायचे आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या राज्यातून काढायचे, असं कोण करतं? सगळे हसले. माझ्याकडे बघत होते, कारण उत्तर मी द्यायचं होतं. मला माहीत होतं कोण करतं. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत? इथे सगळ्यांना मी सांगितलंय की आमची मिरचीची शेती आहे. नंदुरबार म्हटलं की ते मिरचीच विचारतात, मी हो म्हणून टाकलं, मग तेच चालू राहिलं. म्हणून मीही हसले. सगळ्यांसारखीच हसले.

अजून एक आहे. बँकेने आमच्याकडे विचारणा केली तेव्हा ‘वारंवार प्रयत्न केल्याचे दिसते’ हे वाक्य मी लिहिलं. तुझं पत्र टेबलाच्या खणात होतं. यंत्राच्या नोंदीतही तेच दिसत होतं, म्हणजे खोटं काहीच नव्हतं. याचीच जास्त लाज वाटते. दुवा तुटला त्या दिवशी एकही केंद्र बंद पडलं नाही म्हणून इथे केक कापला होता. पहिला तुकडा मला भरवला.

उद्या मी वरिष्ठांना सगळं सांगणार आहे. तुझा फोन बंद लागतो. नवनीतभाऊंचा नंबर माझ्याकडे आहे. लावला नाही. त्यांच्याशी काय बोलू, सुचत नाही.

रिना

ता. क. पत्रावर तारीख १० आहे, पण टाकतेय १२ ला. दोन दिवस पर्समध्येच होतं.


खांडबारा
१९ डिसेंबर २०२४

रिना,

तुझं पत्र सोळाला मिळालं. मी तेराला हात जोडून मोकळी झाले होते.

ऐक काय झालं ते. बाजार ऐन भरात, माझ्या ओट्यासमोर साठ-सत्तर माणसं. मी उभी राहिले, म्हणाले, माझ्या हातून चूक झाली. पुढचं कुणी ऐकलंच नाही. मागून एकजण ओरडला, ‘खादात ना मंग? कबूल कर!’ नवनीत पुढे झाला, धक्काबुक्की होणार एवढ्यात एक म्हातारा काठी टेकत मध्ये आला. तुझा बाप. दोधूकाका. त्यांचा स्वतःचा एक रुपया अडकलेला नाही. माझ्यासाठी आले होते.

सगळ्यांना म्हणाले, ‘हाई पोर खानारी नहीं. लहानपनपासून मन्हा घरमा जेवेल शे. मन्ही रिना पुनाले बँकना कॉम्प्युटरमा शे, ती सांगी कोनी चूक शे ते.’ लोक तुझ्या नावावर गप्प झाले, रिना. माझ्या हात जोडण्यावर नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी तुझं पत्र. मी ते दुकानाचं शटर ओढून वाचलं. आधी रडले, मग इतकी तापले की तू समोर असतीस तर थोबाडीत दिली असती. उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर हाक, पण शेळ्या कुणाच्या ते तरी आठव! आणि मी वेडी तुझे उपकार मानत बसले. तू दोन दिवस पत्र पर्समध्ये घेऊन फिरत होतीस आणि इथे मी चोर ठरत होते. पुण्याहून गाड्या बंद होत्या का?

एक गोष्ट मीही तुला लिहिली नव्हती. तुला वाईट वाटेल म्हणून. पैसे येईनात म्हणून भिकुबाईने सीमाचा हात गावातल्याच एकाकडून बांधून घेतला. पट्टी सोडली परवा. हात वाकडा बसलाय. पोर पाच वर्षांची आहे. डॉक्टर म्हणतात आता पुन्हा मोडून बसवावा लागेल, तरी सरळ होईलच असं नाही.

लोक म्हणतील पत्र दाखव. मी नाही दाखवणार. ज्याने बोलायचं त्यानेच बोलावं. ३ जानेवारीला बाजार आहे. ये, माझ्या ओट्यावर उभी राहा आणि आपल्या बोलीत सांग, पुण्याच्या मराठीत नको. आली नाहीस तर मला परत लिहू नको.

काजल


खांडबारा
१२ जानेवारी २०२५

रिना,

आलीस, बरं केलंस. गाडीतून उतरलीस तेव्हा तुझा चेहरा बघून माझा निम्मा राग तिथेच गेला, उरलेला अजून आहे.

नाताळाच्या आधीच सगळ्यांचे पैसे जमा झाले होते, यंत्रही परत आलं होतं. पण बँकेच्या कागदावर ‘तांत्रिक कारणामुळे’ एवढंच, माझ्याबद्दल अक्षर नाही. तू ओट्यावर उभी राहून ‘काजलनी चूक नहीं, चूक मन्ही शे’ म्हणालीस, तेव्हा कुठे माझं नाव धुतलं गेलं. परवा त्या मागून ओरडणाऱ्याने स्वतः येऊन अंगठा दिला. मान खाली होती त्याची. मी चहा पाजला.

भिकुबाईही आली. उदेसिंगचा फोन मोठ्या आवाजावर, ‘टाकनात?’ ‘टाकनात.’ सगळं पहिल्यासारखं. पैसे हातात घेतले, मोजले, सीमाच्या वाकड्या हाताकडे बघून म्हणाली, ‘पैसा उनात.’ पैसे आले, एवढंच. तू पाठवलेले ऑपरेशनचे पैसे तिने घेतले नाहीत. माझ्याकडे ठेवलेत. म्हणते, रिना स्वतः पोरीला दवाखान्यात नेईल तर जाऊ.

आता जे लिहायला बसले ते. रिना, तू त्या दिवशी अर्धंच सांगितलंस. नियम चुकला, त्यात अशी दोन्हीकडची खाती धरलीच नव्हती, म्हणालीस. का चुकला ते गिळलंस. मी तुझ्याकडे बघत होते, तू दोधूकाकांकडे बघत होतीस.

ते आता रोज दुकानात येऊन बसतात. कुणीही आलं की सांगतात, ‘मन्ही पोरनी सगळासमोर कबूल कयं. इतली मोठी साहेब, पन कबूल कयं.’ छाती फुगते त्यांची. मला ते ऐकवत नाही. मी उगाच डबे लावत बसते.

आणि काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं. काका मला म्हणाले, ‘काजल, एक इचारू? मनीऑर्डर लेवाले मायसंगे तीच जाये. मी तठे पडावमा, त्या अठे पोस्टमा. मंग तिले कसं ठाऊक नही व्हतं?’

मी म्हणाले, काका, गिऱ्हाईक आलंय. कुणी आलं नव्हतं. ते दाराकडे बघत राहिले.

उद्याही ते येतील. मी त्यांना काय सांगू? खोटं बोलायला लावू नको मला. खोटी नसताना खोटी ठरले म्हणूनच मी महिनाभर शिव्या खाल्ल्या.

काजल


पुणे
१६ जानेवारी २०२५

काजल, हे बाला वाचून दाखव. आपल्या बोलीत करून सांग. मधलं काही गाळू नकोस, तो रडला तरी.

बा,

तू काजलला विचारलंस, पोरीला कसं ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. त्या खोलीत सगळ्यांमध्ये एकट्या मलाच ठाऊक होतं.

मी बोलले असते तर तुझा कोयता सांगावा लागला असता, पडाव सांगावा लागला असता, मायचं आणि माझं पोस्टाच्या पायरीवर बसणं सांगावं लागलं असतं. मला त्याची लाज वाटली. तुझी लाज वाटली, बा. म्हणून मी हसले आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याने काजल चोर ठरली आणि सीमाचा हात वाकडा झाला. लोकांसमोर हे बोलायला गेले तेव्हा तू समोर उभा होतास आणि माझं तोंड उघडलं नाही.

काल कामावर मी सगळ्यांना सांगितलं की माझा बाप ऊसतोडीला जायचा. कुणी हसलं नाही. इतकी वर्षं मी उगाच घाबरले होते.

माझ्याबद्दल आता दुकानात बसून कुणाला काही चांगलं सांगू नकोस.

पुढच्या आठवड्यात सीमाला दवाखान्यात न्यायला येते आहे. आधी घरी येईन. दाराबाहेर उभी राहीन. आत ये म्हणालास तर येईन.

रिना